कोरड्या रस्त्यावर गाडी का घसरते? निदान आणि इलाज

पावसाळ्यात गाडी घसरली तर कुणाला नवल वाटत नाही. रस्ता ओला, चिखल साचलेला, कारण डोळ्यांसमोर असते. परंतु मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात, कोरड्या डांबरी रस्त्यावर मागची चाके जागेवरच फिरू लागली, ब्रेक लावताच गाडी आडवी झाली किंवा वळणावर बाहेर फेकली जाऊ लागली, तर मालक गोंधळून जातो. मग दोनच गोष्टी घडतात. एक तर ड्रायव्हरला दोष दिला जातो, नाही तर टायरच्या दुकानात जाऊन चार नवे टायर घेतले जातात. पुष्कळदा दोन्ही होते, आणि महिन्याभराने गाडी पुन्हा तशीच घसरते.

आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी अनेकांकडे आज लहान टेम्पो, व्हॅन किंवा जुनी मोटार आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत सायझिंगमधून बीम आणणे, मागावरचे कापड प्रोसेसला पोहोचवणे, मुंबईच्या मंगलदास मार्केटात तागे उतरवणे हे सर्व याच गाड्यांवर चालते. सुतार, फॅब्रिकेशनवाले, बेकरीवाले, फळविक्रेते यांचेही तसेच आहे. गाडी ही आता दुकानातल्या तराजूइतकीच धंद्याची वस्तू झाली आहे. पण तराजूत थोडा फरक पडला तरी आपण ताबडतोब ओळखतो, आणि गाडीच्या पकडीत फरक पडला तर मात्र अंदाजाने पैसे खर्च करतो. उर्दूत ज्याला तशखीस म्हणतात, ते नीट निदान येथे होतच नाही. ते कसे करावे आणि कोणत्या क्रमाने करावे हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बिनखर्चाच्या तपासण्या आधी केल्या तर बरेच दोष तिथेच सापडतात.

पकड कशावर अवलंबून असते

टायर कितीही मोठा असला तरी रस्त्याला त्याचा टेकणारा भाग लहान गाडीत साधारण तळहाताएवढाच असतो. अशा चार तळहातांवर संपूर्ण गाडी, माल आणि माणसे उभी असतात. चांगल्या कोरड्या डांबरावर चांगले रबर वजनाच्या सुमारे ७० ते ८० टक्के एवढी पकड देते. म्हणजे १,००० किलो वजनाच्या गाडीला ७०० ते ८०० किलोच्या जोराने थांबवता, वळवता किंवा पुढे ढकलता येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेक पूर्ण लागल्यापासून, एवढ्या पकडीवर साधारण १९ मीटरमध्ये थांबते. पकड निम्म्यावर आली की तिलाच ३८ मीटर लागतात. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात गाडी आणखी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळेच. शाळा सुटण्याच्या वेळी गल्लीतून टेम्पो नेणाऱ्याला १९ आणि ३८ मधला फरक काय असतो हे सांगण्याची गरज नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी फार गैरसमज आहे. टायरवरच्या खाचा आणि नक्षी मुख्यतः पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. स्वच्छ कोरड्या रस्त्यावर पकड देते ते रबर, खाच नव्हे. शर्यतीच्या मोटारींचे कोरड्या दिवसाचे टायर तर पूर्ण गुळगुळीत असतात. याचा अर्थ गोटा झालेले टायर वापरावेत असा मुळीच नाही. पहिल्या पावसाच्या सरीला ते जीव घेतील, उन्हात फुटतील, आणि कायद्यानेही चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. आमचे म्हणणे एवढेच की कोरड्या रस्त्यावर गाडी घसरत असेल तर फक्त नक्षी पाहून निकाल देऊ नये. खोल नक्षीचा टायर घसरू शकतो. तो कसा, हे पुढे येईल.

चाक घसरते की क्लच?

सर्वांत आधी एक संशय दूर करावा. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनचा आवाज वाढला, पण गाडी पुढे जात नाही. अशा वेळी पुष्कळ लोक म्हणतात की गाडी घसरते. वास्तविक त्यात चाकाचा काहीही संबंध नसतो. क्लचप्लेट झिजलेली असते आणि ती आतल्या आत सरकत असते. चाक फिरत असेल तर टायरचा आवाज येतो, रबर जळाल्याचा वास येतो, रस्त्यावर काळा ओरखडा उमटतो किंवा खडी मागे उडते. क्लच सरकत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. जळका, उग्र वास मात्र येतो.

खात्री करायची असेल तर सपाट मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, हँडब्रेक पक्का ओढून गाडी चालू करावी, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडते. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर प्लेट गेली असे समजावे. ही चाचणी एकदाच करावी, वारंवार केल्यास उरलेली प्लेटही जाते. क्लचच्या दोषासाठी नवे टायर घेतलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

घसरते ती केव्हा?

चाकच घसरते असे ठरले की ड्रायव्हरला शांतपणे एक प्रश्न विचारावा: गाडी निघताना घसरते, ब्रेक लावल्यावर घसरते, की वळताना? सोबत हेही विचारावे की त्या वेळी गाडी रिकामी होती की भरलेली, आणि हे एकाच ठिकाणी होते की सगळीकडे. विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. रागावून विचारले तर ड्रायव्हर एवढेच सांगेल की माझा वेग कमी होता. खरी माहिती त्याच्याकडेच असते, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात असते.

निघताना चाक फिरते ते बहुधा वजनाच्या वाटणीमुळे. ब्रेक लावल्यावर गाडी आडवी होते ती ब्रेकमुळे किंवा मागचा भाग हलका असल्यामुळे. वळणावर घसरते ती टायर, हवा, शॉकअप किंवा सरळ सरळ वेगामुळे. ताशी ४० ऐवजी ५० ने वळण घेतले तर चाकांवर पडणारा बाजूचा ताण सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त वाढतो. एकाच जागी घसरत असेल तर गाडी नव्हे, रस्ता पाहावा.

हवा

हवेची तपासणी फुकट होते, म्हणून ती आधी करावी. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी काढण्यापूर्वी किंवा पंपापर्यंत दोन-तीन किलोमीटरच चालवून, हवा पाहावी. चालून आलेल्या गरम टायरची हवा आपोआप वाढलेली असते; तापमान ५-६ अंशांनी वाढले की लहान गाडीच्या टायरमध्ये साधारण एक पौंड हवा वाढते. दुपारी तीन वाजता धावून आलेल्या टायरची हवा बरोबर भरली म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी भरते.

किती हवा भरायची हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरील चिठ्ठीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. टायरच्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा ही टायरची कमाल मर्यादा होय, शिफारस नव्हे. हा फरक न कळल्यामुळे पंक्चरवाल्याकडे टायर दगडासारखे कडक करून घेतले जातात. मालवाहू गाड्यांत तर हा रिवाजच झाला आहे: माल जास्त आहे, हवा कडक मार. माल असेपर्यंत त्यातून फारसे बिघडत नाही. परंतु माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येते तेव्हा कडक टायर फक्त मधल्या पट्टीवर टेकतो आणि प्रत्येक खड्ड्यावर उडतो. उडालेले चाक हवेत असते. हवेतल्या चाकाला पकड कुठली? म्हणूनच अनेक टेम्पो भरलेले असताना नीट चालतात आणि रिकामे असताना घसरतात. ज्यांच्या पुस्तकात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे दोन वेगळे आकडे दिले आहेत, त्यांनी दोन्ही भिंतीवर लिहून ठेवावेत.

उलट, पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची युक्तीही कोणी सांगतात. ती वाळूत रुतलेल्या गाडीसाठी ठीक आहे. महामार्गावर कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा भाग सुरू झाल्यापासून भिवंडीच्या दारातून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता झाला आहे. तासन्तास न थांबता एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीत हवेची चूक फार महागात पडते.

नायट्रोजनविषयीही विचारणा होते. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. स्वस्तात मिळाला तर हरकत नाही, पण कोरड्या रस्त्यावरच्या घसरणीवर तो इलाज नाही.

टायरवर हात फिरवा

कापडाचा व्यापारी कापड डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहतो. टायरही तसाच पाहावा. गाडी उभी करून, इंजिन बंद करून, टायरच्या माथ्यावरून तळहात आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. मखमलीवर हात फिरवल्यासारखे एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत लागले तर चाके एकमेकांना समांतर नाहीत, म्हणजे अलाइनमेंट बिघडलेले आहे. असे टायर सरळ रस्त्यावरसुद्धा किंचित तिरके घासत चालतात, आणि त्यांच्या पकडीचा काही भाग आधीच खर्च झालेला असतो. वळणावर लागणारी पकड मग शिल्लक राहत नाही. तार बाहेर आलेली असू शकते म्हणून हात जपून फिरवावा.

झीज कुठे आहे यावरूनही पुष्कळ कळते. फक्त मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त राहिली. दोन्ही कडा झिजल्या तर कमी राहिली. आतली किंवा बाहेरची एकच कड झिजली तर चाक कलले आहे. बॉल जॉइंट, बुश किंवा किंगपिन ढिले झाले आहे का ते पाहावे. नुसते अलाइनमेंट करून ढिले जोड तसेच ठेवले तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच होते, आणि अलाइनमेंटवाल्याला दोष दिला जातो. ठिकठिकाणी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर शॉकअप गेले आहेत. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीन वेळा झुलली तर शॉकअप संपले. मागे पाटे असलेल्या टेम्पोत ही परीक्षा तितकी खात्रीची नाही, तिथे शॉकअपमधून तेल गळते का ते पाहावे.

आता खोल नक्षीच्या टायरकडे येतो. आमच्या धंद्यात अशा गाड्या पुष्कळ आहेत ज्या गोदाम ते दुकान एवढ्याच फिरतात. वर्षभरात तीन-चार हजार किलोमीटरही होत नाहीत. टायर झिजत नाही, नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालक खूश असतो. परंतु रबर उन्हाने आणि हवेने कडक होत जाते. आठ वर्षे उन्हात उभा असलेला टायर दिसायला नवा आणि स्पर्शाला लाकूड होतो. अशा रबराला डांबराच्या बारीक खडीत रुतून बसता येत नाही, ते वरून सरकते. कोरड्या रस्त्यावर घसरण्याचे हे फार मोठे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे कारण आहे.

वय ओळखणे सोपे आहे. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१६ असेल तर टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नसेल दिसत तर आतल्या बाजूने पाहावे, पुष्कळदा आकडे तिकडे असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावे आणि दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी बदलावे असे अनेक टायर कंपन्या सांगतात. आमच्याकडच्या उन्हात दहाची वाट पाहू नये. अंगठ्याचे नख रबरात दाबून पाहावे, नव्या टायरवरही तसेच दाबावे. फरक लगेच कळतो. खाचांच्या तळाशी आणि भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील तर अधिक विचार करण्याची गरज नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर किलोमीटर पाहण्याआधी हे चार आकडे पाहावेत. विक्रीसाठी गाडी धुऊन टायर काळ्या पॉलिशने चमकवतात. तेच पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागले तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये गाडी तेलावर चालल्यासारखी चालते.

रिमोल्ड टायर वाईटच असतात असे नाही. एस.टी. महामंडळ स्वतः टायरचे रिट्रेडिंग करते. परंतु कुणी केले, कुठल्या जुन्या टायरवर केले हे माहीत नसलेला रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला लावू नये. एकाच आसावर एक रेडियल आणि एक साधा, किंवा वेगळ्या मापाचे टायर तर कधीच लावू नयेत. दोनच नवे टायर घेणे परवडत असेल तर ते मागे लावावेत, मग गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी का असेना. पुढचे चाक घसरले तर स्टिअरिंग हलके लागून ड्रायव्हरला कळते. मागचे घसरले तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. नवे टायर लावल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून चालवावे, साच्यातून काढताना लागलेला ओशटपणा तेवढ्यात निघून जातो.

माल कुठे ठेवला आहे

हे कलम व्यापाऱ्याला कुणी समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही, कारण हा तराजूचाच हिशेब आहे. मागचा आस ही तराजूची गाठ धरा. त्याच्या पुढे ठेवलेला माल दोन्ही आसांवर वाटला जातो. त्याच्या मागे ठेवलेला माल पुढचे पारडे वर उचलतो.

आकड्यांत पाहू. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.१ मीटर अंतर असलेला लहान टेम्पो घ्या. मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे ४०० किलोचे बीम ठेवले. मागच्या आसावर ४०० नव्हे, सुमारे ४९५ किलो वजन येते. आणि पुढच्या चाकांवरून सुमारे ९५ किलो कमी होते. पुढचे टायर, ब्रेक, अलाइनमेंट सर्व उत्तम असले तरी वळवण्याची आणि थांबवण्याची ताकद तेवढी घटली. ड्रायव्हर म्हणतो स्टिअरिंग हलके लागते. मालकाला वाटते चांगलेच आहे. तोच माल दोन आसांच्या मधोमध, केबिनला लावून ठेवला असता तर दोन्हीकडे २००-२०० किलो वाढले असते. लोखंडी बीम, कापडाच्या गाठी, फरशी असा जड माल पुढे आणि खाली, हलका माल मागे आणि वर, एवढे हमालांना शिकवले तरी पुरेसे आहे. दिवसभर थांबून थांबून उतरवत जायचे असेल तर पहिला उतरणारा माल मागे असणार हे खरे, पण जड माल त्यात शेवटचा राहील असा मार्ग आखता येतो.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीत डिकी कापडाने ठासून भरली आणि चढ आला की ओढणारी चाकेच हलकी होतात आणि जागेवर फिरतात. मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या टेम्पोत उलट होते. तो रिकामा असताना चढावर चाक फिरते. शिवाय साध्या डिफरन्शियलमुळे जोर दोन्ही चाकांना सारखाच मिळतो, आणि तो किती मिळेल हे कमी पकड असलेले चाक ठरवते. एक चाक रस्त्याच्या कडेच्या वाळूवर असेल तर ते फिरत राहते आणि डांबरावरचे दुसरे चांगले चाक मुकाट उभे राहते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहू नये. पाय उचलावा, गाडी थोडी मागे घ्यावी आणि दोन्ही चाके डांबरावर आणून दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघावे.

जादा मालाविषयी थोडेच लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठेवला आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की टायरवर वजन दुप्पट टाकले म्हणून पकड दुप्पट होत नाही. ती त्या प्रमाणात कमीच वाढते, आणि थांबवायचे ओझे मात्र पूर्ण दुप्पट असते.

ब्रेक

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. एका ड्रममध्ये आसाच्या ऑइल सीलमधून तेल उतरून लायनर ओला झालेला असतो, किंवा एक सिलिंडर अडकलेला असतो. मोकळ्या मैदानात ताशी २० ते २५ च्या वेगाने जोरात ब्रेक मारून उमटलेल्या खुणा पाहाव्यात. चारपैकी एकाच चाकाची खूण गडद असेल तर ते एकटेच जखडते. लांब चालून आल्यावर हाताची पाठ ड्रमजवळ नेऊन कोणता जास्त तापला आहे हेही पाहता येते. ड्रमला हात लावू नये, भाजेल. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणारे मेकॅनिक आहेत. तसे करू देऊ नये. सील आणि लायनर दोन्ही बदलावे.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे. ब्रेक लावला तरी चाक जखडू न देणे हे त्याचे काम. त्याचा दिवा डॅशबोर्डवर सतत जळत असेल तर ती यंत्रणा बंद आहे असे समजावे. पुष्कळदा चाकाजवळचा सेन्सर मातीने माखलेला किंवा त्याची वायर तुटलेली असते. त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवलेल्या गाड्याही आम्ही पाहिल्या आहेत.

मालवाहू गाड्यांतल्या एका दोषाकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवे. अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर मालाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा एक वॉल्व्ह असतो. मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. एका दांडीने तो मागच्या आसाला जोडलेला असतो. माल भरल्यावर गाडी खाली बसते, दांडी सरकते आणि मागचा ब्रेक वाढतो. रिकामी गाडी वर उठते तेव्हा तो कमी होतो. आता जास्त माल घेता यावा म्हणून मालक मागे एक-दोन पाटे वाढवतात. त्यामुळे भरलेली गाडीही उंचच राहते, वॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. मग कोणीतरी ती दांडी तारेने वर बांधून टाकतो. भरलेल्या गाडीचा ब्रेक सुधारतो, पण रिकाम्या गाडीत मागची चाके ब्रेक लागताच जखडतात आणि कोरड्या रस्त्यावर गाडी आडवी होते.

मालेगावात बीम वाहणाऱ्या एका टेम्पोची हीच गत होती. रिकामा परत येताना तो दोनदा आडवा झाला. दुसऱ्या वेळी एका कारखान्याचे फाटक मोडले आणि भरपाईचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापले गेले. तो काम सोडून गेला. नव्या ड्रायव्हरकडूनही तेच झाले तेव्हा मालकाने टायर बदलले. फरक पडला नाही. शेवटी एका वृद्ध मेकॅनिकने गाडीखाली झोपून ती तार कापली आणि वाढवलेले पाटे काढायला लावले. मालक कापलेले पैसे परत द्यायला पहिल्या ड्रायव्हरच्या घरी गेला, तर तो कुटुंबासह सुरतेला निघून गेला होता. ज्यांनी आपल्या गाडीला पाटे वाढवले आहेत त्यांनी ही दांडी आजच पाहून घ्यावी.

रस्ता

सर्व तपासून गाडीत दोष निघाला नाही आणि घसरणे ठरावीक जागीच होत असेल, तर उतरून रस्ता पाहावा. काठोकाठ भरलेल्या ट्रकच्या टाकीतून डिझेल वळणावरच सांडते. कसारा घाटासारख्या ठिकाणी याची आठवण ठेवावी. डिझेल पाण्यासारखे चटकन उडून जात नाही, आणि उन्हात त्याचा डाग ओळखू येत नाही. खानदेश-विदर्भात पारा ४४-४५ वर गेला की काही रस्त्यांवर डांबर वर येऊन काळे चकचकीत पट्टे तयार होतात. वळणाच्या बाहेरच्या कडेला वाहनांनी उडवलेली बारीक खडी साचते, ती मण्यांसारखी चाकाखाली फिरते. ऊस पट्ट्यात हंगामात रस्त्यावर पाचट पडते, आणि कुठे कुठे शेतमाल वाळत घातलेला असतो. यावर गाडीत करण्यासारखे काही नाही. ड्रायव्हरला ती जागा दाखवून द्यावी, आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही, हे सांगावे.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालाने आणि तेवढ्याच वेगाने, तोच ड्रायव्हर घेऊन करावी. एका वेळी एकच दुरुस्ती करून पाहावी. टायर, ब्रेक आणि अलाइनमेंट एकदम केले तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि दुसऱ्या गाडीत तोच दोष आला की पुन्हा सगळा खर्च होतो. दुकानाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवावे: टायरचे चार आकडे, ते कधी लावले, हवा कधी पाहिली, अलाइनमेंट कधी केले. स्टेपनीचे आकडेही त्यातच लिहावेत. पाचवा टायर बहुधा सर्वांत जुना असतो आणि नेमका तोच घाईच्या वेळी चाकाला लागतो.